आबांचा आहार आणि गल्लीभरची भांडी

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे आबांच्या जेवणाचे जे हाल झाले त्याला शिक्षण जबाबदार आहे.

गेल्या थंडीत माझे आजोबा तापातून उठले, पण पायांत जोर राहिला नाही. अंगणात जायचं तरी भिंत धरून! डॉक्टर म्हणाले, "या वयात प्रथिनं हवीत, भाज्या हव्यात. महिन्याने दाखवा." पनवेलच्या काकांनी फोनवरून जाहीर केलं, की तोवर फरक पडला नाही तर आबांना तिकडे नेणार. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आमचं कडाव गाव सोडायचं म्हटल्यावर आबा नुसते माझ्याकडे बघत राहिले.

मी मनावर घेतलं. (मी सगळंच मनावर घेते. फार थकायला होतं.) आम्हाला आहारावर एक धडा आहे. तो वाचून मी भात कमी केला, मीठ कमी केलं आणि पहाटे उठून मुगाला मोड आले का बघायला लागले. उकडलेले मूग, दुधीचं सूप, नाचणीची बिनगुळाची पेज!

"बाय, ह्यात काय घालायचं राह्यलंय का?" आबांनी पहिल्याच घासाला विचारलं.

"चव सोडून समदं हाय," आई म्हणाली.

आठवड्यात आबा भिंत धरत धरत शेजारच्या सुमनकाकींच्या ओट्यावर जाऊन बसले. तक्रार केली नाही, फक्त एक लांब सुस्कारा टाकला. दुपारी काकी टोपभर सुकटीचं कालवण घेऊन हजर!

"म्हाताऱ्या मान्साला उपाशी ठेवत्यात का गं?" हे त्यांनी आईला विचारलं. मला नाही!

आईचा चेहरा उतरला. त्यात काकींचा टोप रिकामा कसा परत करायचा? आमच्याकडे तशी रीत नाही. घरात दुसरं होतंच काय? टोपात मूग भरले. मूग पाहून काकींची खात्रीच पटली. त्यांनी गल्लीत सांगितलं. मग एका घरातून अंड्याचं कालवण, दुसऱ्यातून वालाची उसळ, तिसऱ्यातून तांदळाची भाकरी. सगळ्यांची भांडी माझे मूग भरून परत!

"माझी लाज गेली गल्लीत. मी नाय भांडी देत फिरनार," आई म्हणाली.

मी कॉलेजला. उरले आबा.

"दे इकडं, मीच जातो," म्हणाले. आणि जातील तिथे त्यांना कोणी खाऊ घातल्याशिवाय सोडेना. आधी काठी घेऊन शेजारी, मग काठी विसरून पार गल्लीच्या टोकाला! मी संध्याकाळी दमून घरी यावं, तर आबा गायब आणि सुमनकाकी दारात उभ्या.

"आबांचं ठीक हाय गं, पन आमच्या पोरांनी काय पाप केलंय? रोज मूग!"

महिन्याने आबा दवाखान्याच्या पायऱ्या एकटे चढले. वजन वाढलेलं, पायांत जोर. डॉक्टर खूश.

"वा! आहार कोणी सांभाळला?"

मी ओढणी सारखी केली.

"हिनंच," आबा म्हणाले. "हिनं रांधलेलं बघितलं का माजे पाय आपोआप दाराकडं वळत्यात."

"उत्तम. मग हेच चालू ठेवा," डॉक्टर म्हणाले. पनवेल रद्द झालं.

तेव्हापासून मी रोज पहाटे उठून मूग उकडते. मध्ये एकदा चुकून फोडणी चांगली बसली, तर आबा दिवसभर घरातून हललेच नाहीत! आईने मला चांगलंच झापलं.