अकरा खुर्च्यांची नोंद

या उपनगरात बसायला जागा नाही, असे तिथे राहणारेच सांगत. घरे होती, कुंपणे होती, कुंपणांवर नीट कापलेल्या वेली होत्या. दुपारी दोन वाजता चालणाऱ्याला स्वतःच्याच चपलांचा आवाज ऐकू यावा इतकी शांतता होती. पण घराबाहेर पडून, कुणाचा पाहुणा न होता, तासभर टेकावे आणि एक कप कॉफी प्यावी असे ठिकाण विचारले, की लोक हसून बसथांब्याकडे बोट दाखवीत. मीटरबाईंना हे उत्तर मान्य नव्हते. एकतीस वर्षे त्यांनी या उपनगरातल्या दोन हजारांहून अधिक घरांचे पाण्याचे मीटर वाचले होते. अमुक गल्लीत काही नाही, हे विधान ती गल्ली दोन्ही अंगांनी चालून पाहिल्याशिवाय करता येत नाही, अशी त्यांची शिस्त होती.

मीटर वाचण्याचे काम बाहेरून दिसते तितके निर्बुद्ध नाही. लोखंडी आकड्याने झाकण उचलायचे, खाली वाकून काचेवरचा चिखल अंगठ्याने पुसायचा, आकडा वाचायचा, लिहायचा, आणि झाकण बसवण्याआधी तोच आकडा पुन्हा वाचायचा. बरोबरीचे लोक कुत्रे बांधलेले नसेल तर मागच्या महिन्याच्या अंदाजाने आकडा ठोकून देत. मीटरबाई कुत्र्याचा मालक येईपर्यंत फाटकाशी उभ्या राहत. एकतीस वर्षांत त्यांचे एकही रीडिंग फेरतपासणीत खोटे ठरले नव्हते. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी या गोष्टीचा उल्लेख केला तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणाले, म्हणूनच बढती मिळाली नाही. सगळ्यात मोठ्याने हसल्या त्या मीटरबाईच.

निवृत्तीनंतर त्या धाकट्या भावाच्या घरी, मागच्या अंगाच्या खोलीत राहत. भाऊ चांगला होता, भावजय त्याहून चांगली होती, आणि अडचण नेमकी तीच होती. खुर्चीवर दहा मिनिटे गप्प बसले, की दोघांपैकी कुणीतरी येऊन काय झाले म्हणून विचारी. म्हणून त्या रोज बाहेर पडू लागल्या. बासष्टाव्या वर्षी बाईमाणसाने एकटीने कॉफी प्यायला जावे, याची भावाला लाज वाटत नव्हती. त्याला फक्त कारण कळत नव्हते. घरात कॉफी नाही का, असे त्याने एकदा विचारले. आहे, पण तिथे तू आहेस, असे उत्तर मिळाल्यावर त्याने तो विषय सोडून दिला.

दीड वर्षात मीटरबाईंनी नऊ ठिकाणे शोधून काढली. एक लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत होते. तिथे इस्त्रीच्या वाफेने थंडीतही भिंती उबदार असत. एक रोपवाटिकेत होते, आणि तिथे पालथ्या कुंड्यांवर बसावे लागे. बेकरीला लागून असलेल्या तिसऱ्या ठिकाणचा केक अप्रतिम होता, पण कप रिकामा झाला की मालकीणबाई फडके घेऊन टेबलापाशी घुटमळू लागत. मीटरबाई प्रत्येक ठिकाणी निदान तीनदा जात: सकाळी, दुपारी आणि सांजवेळी. वहीत तारीख पडे, वेळ पडे, खुर्च्या किती, बसलेले किती, मागितल्यावाचून पाणी आले की नाही, एकट्या माणसाला मोरीच्या दाराजवळ बसवतात का, हे सगळे पडे. बेकरीपुढचा शेरा एवढाच होता: ‘फडकं लवकर येतं.’

नवव्या ठिकाणी मात्र त्या तीनदा जाऊन थांबल्या नाहीत. एका बंद गल्लीच्या टोकाला, घराच्या गॅरेजमध्ये, शाळेच्या प्रयोगशाळेत जन्मभर परिचर म्हणून राबलेला एक माणूस कॉफी करी. त्याने कधी एक तासही शिकवले नव्हते. तरी सगळे त्याला मास्तर म्हणत, कारण तो पाणी काचेच्या मोजनळीत मोजी आणि नळीतल्या पाण्याची रेघ डोळ्यांच्या पातळीला आणून बघितल्याशिवाय पुढची हालचाल करीत नसे. दोघे एकमेकांशी फारसे बोलत नसत. आकडा दोनदा वाचणाऱ्या बाईला पाण्याची रेघ दोनदा बघणारा माणूस भेटल्यावर बोलण्यासारखे उरतेही थोडेच. या ठिकाणाची नोंद अशी होती: ‘गॅरेज. बंद गल्लीचं टोक. अकरा खुर्च्या. कुणी उठवत नाही. कॉफी पहिल्या नंबरची.’

पुढचे सगळे या नोंदीमुळे घडले. भावाच्या मुलीला आत्याची वही सापडली, तिने कौतुकाने नऊही नोंदी टाइप केल्या आणि वाचनालयाच्या फलकावर लावून टाकल्या. आठवडाभर मीटरबाई जराशा तरंगत होत्या. रस्त्यात अनोळखी माणसे थांबवून रोपवाटिकेची वेळ विचारीत. मग रहिवासी समितीच्या सचिवांनी तो कागद वाचला.

सचिव वाईट गृहस्थ नव्हते. शांतता ही आपण राखली म्हणूनच राहिली, असे मात्र त्यांना मनापासून वाटे. गॅरेजमधल्या कॉफीला त्यांचा पहिल्यापासून विरोध होता. राहत्या घरात असा व्यवसाय करायला आठ आसनांपर्यंतच परवाना मिळे, आणि मास्तरांनी अर्जात आठच लिहिली होती. आता अकरा हा आकडा छापील अक्षरांत, सार्वजनिक फलकावर, दोन हजार घरांना ठाऊक असलेल्या बाईच्या हवाल्याने हाती लागला होता. त्यांनी तो कागद तक्रारीला जोडला. तक्रारीत असेही लिहिले, की तिथे रोज तीस-चाळीस माणसे जमतात आणि त्यांच्या गोंगाटाने गल्लीला राहणे नकोसे झाले आहे. परवाना रद्द का करू नये, अशी नोटीस मास्तरांच्या दारावर चिकटली.

त्याच दिवशी सचिव मीटरबाईंना रस्त्यात भेटले. एरवी पाठीमागे मीटरबाई म्हणणारे सचिव त्या दिवशी मॅडम म्हणाले आणि समितीच्या वतीने त्यांनी आभार मानले. तुमच्यासारखी नोंद ठेवणारी माणसं आहेत म्हणून कायदा टिकून आहे, असे काहीसे ते बोलले. शिवी दिली असती तर मीटरबाईंना इतके लागले नसते.

घरी भावाने लगेच तोडगा काढला. मोजण्यात चूक झाली असे दोन ओळीत लिहून द्यायचे. या वयात कोण उलट विचारणार. भावजयीनेही मान हलवली. वन्सं, त्या गरिबाचं दुकान वाचतंय ना, मग तुमच्या तीन खुर्च्यांचं काय एवढं, असे तिने समजुतीच्या सुरात विचारले. भाचीने तर रडून डोळे सुजवून घेतले होते. मीटरबाईंनी सगळ्यांचे ऐकून घेतले आणि बघते म्हणाल्या. त्या बघते म्हणाल्या म्हणजे नाही म्हणाल्या, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते.

सुनावणीच्या आदल्या सायंकाळी मास्तर स्वतः आले. बैठकीच्या खोलीत, खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. त्यांनी बोलणे पाठ करून आणले असावे. त्या अकरांतली तीन म्हणजे शाळेने टाकून दिलेली प्रयोगशाळेतली स्टुले होती, आणि स्टुलाला काही खुर्ची म्हणत नाहीत, असे त्यांचे म्हणणे.

“त्यावर माणसं बसतात ना?” मीटरबाईंनी विचारले.

“बसतात.”

“ज्यावर माणूस बसतं ते मी मोजते.”

मास्तरांनी चहाचा कप उगीच बाजूला सरकवला. मग म्हणाले, “बाई, मी आजपर्यंत कुणाकडे काही मागितलं नाही. उद्या एवढं म्हणा, की चूक झाली. माझं सुटेल.”

“नाही सुटणार.”

“तुमचं काय जातंय त्यात?”

“माझं जातंय ते मी बघेन. पण आकडा खोटा म्हटला, की अख्खी वही खोटी. मग ते तीस म्हणोत, चाळीस म्हणोत, शंभर म्हणोत. त्यांच्यासमोर काय ठेवणार तुम्ही? तुमची मोजनळी?”

मास्तरांना ते पटले नाही. भीतीने माणसाला गणित पटत नाही. चहा तसाच ठेवून, निरोप न घेता ते निघून गेले. भावाने दार लावले आणि म्हणाला, “ताई, तुझा खरेपणा त्या माणसाला रस्त्यावर आणणार.” तसे होणे शक्य होते आणि ते मीटरबाईंना कळत होते. खोलीत जाऊन त्यांनी वही काढली आणि गॅरेजची सगळी पाने पहिल्यापासून वाचली. मग पुन्हा एकदा वाचली.

सुनावणीची खोली लहान होती. टेबलामागे चाळिशीच्या एक अधिकारी बाई, समोर तीन बाके. मास्तर एका टोकाला बसले आणि त्यांनी मीटरबाईंकडे पाहिलेही नाही. सचिवांनी तक्रार वाचून दाखवली. ती चांगल्या मराठीत लिहिलेली होती. मग अधिकारी बाईंनी फलकावरचा कागद पुढे केला आणि नोंद बरोबर आहे का असे विचारले.

“बरोबर आहे,” मीटरबाई म्हणाल्या. “अकरा. आठ खुर्च्या, तीन स्टुलं.”

सचिवांनी बाकावर पाठ टेकली. मास्तरांनी डोळे मिटले.

“आता पुढचंही वाचते,” मीटरबाई म्हणाल्या आणि परवानगीची वाट न बघता त्यांनी वही उघडली. त्या गॅरेजमध्ये चौसष्ट वेळा गेल्या होत्या. चौसष्ट तारखा, चौसष्ट वेळा आणि प्रत्येकीपुढे बसलेल्या माणसांचा आकडा. तीन. पाच. चार. दोन, त्यांतला एक झोपलेला. सहा. एकाच सुरात, घराघराचे रीडिंग सांगावे तसे त्या वाचत गेल्या. एका दिवशी आकडा नऊ होता. तोही त्यांनी गाळला नाही. परवान्यापेक्षा एक जास्त, तो पंधरा मिनिटांनी उठला, असे त्यांनी आपण होऊन सांगितले. सचिवांनी मध्येच विचारले, की हे सगळे खरे कशावरून.

“अकरा खरे कशावरून?” मीटरबाई म्हणाल्या. “तो आकडा याच वहीतला आहे. तुम्हाला तो चालतो, तर हेही चालवून घ्या. नाहीतर दोन्ही सोडा. निवडून घ्यायला ही भाजी नाही.”

अधिकारी बाईंनी वही मागून घेतली. बराच वेळ पाने उलटली, मधली एखादी तारीख बोट ठेवून विचारली, आणि मीटरबाईंनी वहीकडे न बघता उत्तर दिले. मग बाईंनी सचिवांना तीस-चाळीस माणसे कुणी, कधी मोजली असे विचारले. सचिव म्हणाले, साधारण अंदाज. अंदाज हा शब्द ऐकून मीटरबाईंनी जी मान वळवली, ती पाहून अधिकारी बाईंना हसू आवरावे लागले.

आदेश तिथल्या तिथे झाला. गोंगाटाची तक्रार पुराव्याअभावी निकालात निघाली. परवाना कायम. तीन आसने त्याच दिवशी हलवायची, आणि पुन्हा नववे दिसले तर परवाना रद्द. समितीला हवे तेव्हा येऊन आसने मोजता येतील. सचिव ताडकन म्हणाले, की उद्यापासून ते स्वतः रोज मोजतील.

बाहेर पायऱ्यांवर मास्तर थांबले होते. ते आभार मानायला पुढे झाले. मीटरबाईंनीच त्यांना सुनावले, की अर्जात आठ लिहिल्यावर अकरा मांडायचे नसतात. मोजनळी हातात धरणाऱ्याला हे सांगावे लागते याची त्यांना लाज वाटली पाहिजे. मास्तर म्हणाले, वाटते. आणि मग दोघे दोन वेगळ्या रस्त्यांनी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटरबाई गॅरेजशी पोचल्या तेव्हा आठही खुर्च्या भरल्या होत्या. गल्लीतल्या ज्यांनी कधी या दाराकडे ढुंकून पाहिले नव्हते तेही आले होते. आपल्या घराशेजारी गोंगाट चालतो हे त्यांना तक्रारीतूनच कळले होते, आणि आपल्या नावावर हे कुणी खपवले, ते ऐकून काही जण चांगलेच तापले होते. मीटरबाईंना पाहून एक म्हातारे गृहस्थ उठू लागले. त्यांनी गृहस्थांना खांद्याला धरून परत बसवले आणि कप घेऊन त्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभ्या राहिल्या. त्यांच्यामागून आलेली रात्रपाळीची नर्स आत डोकावली, खुर्ची नाही हे पाहिले, आणि पिशवी जमिनीवर ठेवून तीही उभी राहिली. मग भाऊ आला, आयुष्यात पहिल्यांदा. ताई, इथली कॉफी काय सोन्याची आहे का ते बघायला आलोय, असे म्हणत तोही भिंतीला टेकला. त्याच्यामागून आणखी तिघे आले.

साडेनऊला सचिव कागद-पेन्सिल घेऊन आले. त्यांनी बोटाने मोजले, पुन्हा मोजले, कागदावर आठ लिहिले. मग त्यांची नजर उभ्या माणसांवरून फिरली.

“हे काय आहे?”

“कॉफी पितायत,” मीटरबाई म्हणाल्या.

“नियम आठांचा आहे.”

“आसनांचा आहे. उभं राहणं कुठल्या कलमात येतं ते शोधा. सापडलं तर या, मी इथेच आहे. रोज याच वेळी.”

“किती माणसं आहेत इथे?” सचिवांनी विचारले. त्यांना कदाचित ते विचारायचे नव्हते; पण त्या बाईंपुढे उभे राहिल्यावर आकडा विचारल्यावाचून राहवत नसे.

“मास्तर सोडून चौदा. तुम्हाला धरून पंधरा.”

कुणीतरी कपात हसले. सचिवांचा एक पाय उंबऱ्याच्या आत होता. त्यांनी त्याकडे पाहिले, कागदाची घडी केली, आणि तो पाय मागे घेतला.

“चौदा,” मीटरबाई म्हणाल्या.