टोपलीतलं बनियन

आमच्या फुफाजींइतका, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांइतका, भांडखोर माणूस वर्धा जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि झाला असं कोणाचं म्हणणं असेल तर त्याने समोर येऊन बोलावं. ते पंचांशी भांडत, बैलांशी भांडत, आणि कोणीच सापडलं नाही तर रेडिओवर बातम्या देणाऱ्याशी भांडत. सेलूच्या बाजारात वांगी विकायला बसले आणि एखाद्या बाईने वांगं उचलून, उलटंपालटं करून परत ठेवलं, की पेटलेच. "काऊन ठेवलं बाई? आता हे वांगं सगळ्याईच्या नजरेतून उतरलं!" आणि खरोखरच ते वांगं पाठीमागच्या पोत्यात टाकून संध्याकाळी घरी आणत. आत्या म्हणायची, "याईच्या रुसलेल्या वांग्याईवरच माहा संसार चालून राह्यला."

रोहण्याहून मी शिकायला म्हणून आत्याकडे आलो. आत्याचं गाव हिंगणीच्या अलीकडे. शिक्षण राहिलं बाजूला आणि मी फुफाजींच्या कबड्डी मंडळात चढाया करू लागलो. मंडळाचे अध्यक्ष तेच, शिकवणारे तेच, मैदानाचे मालकही तेच. मैदान म्हणजे त्यांच्या वांग्याच्या वाडीतला विहिरीजवळचा चांगला तुकडा. रोपं उपटून तो त्यांनी सपाट केला तेव्हा आत्याने बोलणंच टाकलं. त्या शांततेला परवानगी समजून फुफाजींनी आणखी दोन वाफे उपटले. गडी निवडायचे ते बैल घेतल्यासारखे. पोटऱ्या दाबत, पाठीवर थाप मारून कातडी थरथरते का ते पाहत. एका बिचाऱ्याला तर दात दाखवायला तोंड उघडायला लावलं होतं. सामन्याआधी वांगं खायला सक्त मनाई. "वांगं वातूळ असते. लोकाईले विकाचं, आपुन खाचं नाई," हे ते भर बाजारात, गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणत.

पण त्यांची खरी तऱ्हा वेगळीच. ते सामना बघतच नसत. मैदानाकडे पाठ करून उभे राहत आणि चढाई करणाऱ्याचा दम ऐकत. "डोळे खोटं दाखवतेत बाबू. दम खोटं बोलत नाई." 'कबड्डी कबड्डी'तला आवाज जरा पातळ झाला, की ते पाठमोरेच स्वतःच्या मांडीवर एक थाप मारत. म्हणजे दम संपत आला, रेषेकडे माघारी फीर. त्या थापेने मी कितीदा वाचलो असेन! एकदा बाहेरगावच्या पंचाने त्यांना हटकलं, "अध्यक्ष, तोंड इकडे करा." फुफाजी समोरच्या बाभळीकडे बघत म्हणाले, "तुमी शिट्टी फुका. माह्यं तोंड माह्यापाशी राहू द्या."

आता त्या टोपलीबद्दल. तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी पोरं लाकडी बैल मिरवून घरी गेली की मारुतीच्या ओट्यावर मंडळ बसायचं. सगळे गडी आपापलं धुतलेलं बनियन एका टोपलीत टाकत. अध्यक्ष एकेक उचलून दाखवत, मंडळ 'ठेवा' म्हणे नाहीतर 'सोडा' म्हणे. 'ठेवा' झालं आणि गड्याने दोन्ही हात पुढे करून बनियन घेतलं, की वर्षभर तो गावाचा. टोपलीत राहिलं, तर दुसऱ्या दिवसापासून मोकळा, हव्या त्या गावाकडून खेळावं.

ऐंशी साल अजून उजाडायचं होतं तेव्हाची ही गोष्ट. त्या उन्हाळ्यात एका पकडीत माझा गुडघा गेला होता. लंगडत नव्हतो, पण वळायच्या आधी गुडघा मला विचारायचा. मंडळात कुजबूज सुरू झाली होती. तशात जाम गावच्या एका ट्रकमालकाचा माणूस मला बाजारात गाठून गेला. आमच्याकडून खेळ, ट्रकवर क्लीनर लावून देतो, पुढे ड्रायव्हर होशील. मी हो म्हणून बसलो होतो, आणि कोणापाशी बोललो नव्हतो. मी बोलतच नाही, माझ्या बायकोची आजही तीच तक्रार आहे.

माझं बनियन वर आलं. मंडळाचे चिटणीस दुधाचा धंदा करत. ते म्हणाले, "सोडा."

"काऊन?"

"गुडघा गेला त्याचा."

"तुमच्या म्हशीचं शिंग मोडलं, तिले सोडली का?"

"म्हैस शिंगानं दूध देत नाई, अध्यक्ष."

"मंग हा का गुडघ्यानं कबड्डी म्हणते?"

ओटा हसला. मागून कोणीतरी म्हणालं, "रोहण्याचा हाये, जाऊ द्या रोहण्याले." झालं! फुफाजी उठून उभे राहिले. "तुमच्या गावासाठी यानं मातीत आंग सोलून घेतलं, तवा रोहणा नाई आठवलं? याले सोडाचं असन तं माह्यं मैदानई सोडा. उद्या सकायी वांगे लावतो!" मैदान जाणार म्हटल्यावर मंडळाचे चेहरे पडले. तरी कुरकुर चाललीच, फुफाजी एकेकाला अंगावर घेत राहिले, आणि शेवटी चिटणीस कंटाळून म्हणाले, "ठेवा बुवा, ठेवा!"

फुफाजींनी लढाई जिंकल्यासारखं बनियन माझ्यापुढे धरलं. माझे हात पुढे झाले नाहीत.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग बनियन टोपलीत फेकलं आणि गर्रकन मंडळाकडे वळले. "नाई देत! ज्या पोरासाठी एवढं भांडा लागते, त्याले तुमच्यासारख्या डरपोकाईत काऊन ठेवू? जाय रे बाबू, जामले जाय. मीच धाडून राह्यलो याले, आयका सगळे!" आणि मला ठेवू नये म्हणून ते मघापेक्षाही जोरात भांडले. ठेवायला आताच कबूल झालेलं मंडळ आ वासून बघत राहिलं.

तेव्हापासून गाव हा किस्सा सांगून हसतं. स्वतःच ठेवा म्हणून भांडला, स्वतःच सोडा म्हणून भांडला, चक्रम माणूस! हसणाऱ्यांनो, हसा हवं तेवढं. पण चक्रम ते नव्हते. हात माझे अडले होते. मी गप्प राहिलो आणि माझा वेडेपणा त्यांनी आपल्या अंगावर घेतला.

जामकडून मी दोन मोसम खेळलो, मग नुसता ट्रकच चालवला. आत्याकडे जाणं होई, पण या गोष्टीजवळ मी कधी फिरकलो नाही. मंडळ मोडलं, मैदानात पुन्हा वांगी लागली. मागच्या हिवाळ्यात गेलो तेव्हा फुफाजी वाडीत बाजेवर बसले होते. आता कानाने अधू झालेत. जामला मी आधीच हो म्हणून बसलो होतो, हे इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मला त्यांच्या कानाशी ओरडून सांगावं लागलं. आत्याने ऐकलं, शेजारच्या वाडीत वखर हाकणाऱ्यानेही बैल थांबवून ऐकलं.

"ठाव होतं," फुफाजी म्हणाले. "त्या हप्त्यात तुहा दम सारखा तुटून राह्यला होता. गुडघ्यानं दम तुटत नाई. अन् जामचा माणूस बाजारात आला, तवा मी काय वांग्याईकडं पाहून राह्यलो होतो?"

"मग भांडले काऊन माझ्यासाठी?"

"लेका, आपल्याच मंडळानं 'सोडा' म्हटलेला गडी जामवाल्यानं घेतला असता? एकानं उचलून परत ठेवलेलं वांगं दुसरा हाती धरत नाई. तुले 'ठेवा' म्हणवून घेणं जरुरी होतं. मंग जाय नाईतं राह्य." वांग्यांकडे बघत ते म्हणाले, "राह्यला असता तं मले काई हरकत नोयती."

मग माझ्याकडे पाठ करून बसले. "म्हण एक दम."

मी त्यांच्या खांद्यामागे वाकून 'कबड्डी कबड्डी' म्हणू लागलो. डिझेलचा धूर खाल्लेली छाती ती, आवाज लवकरच पातळ होऊ लागला, तरी मी थांबलो नाही. त्यांना ऐकू आलं, की मानेवरच्या श्वासावरून कळलं, कोण जाणे. फुफाजींनी वळून न बघता आपल्या मांडीवर हळूच एक थाप मारली.