डेलमारची लांब पल्ल्याची बंदूक

डेलमार शायबलने एकतीस वर्षं काउंटीचा ग्रेडर चालवला. मातीचा रस्ता सपाट करायचा, पावसाने तो बिघडवायचा, की पुन्हा सपाट करायचा. अशा कामाने माणूस संत तरी होतो, नाहीतर हट्टी. डेलमार संत झाला नाही.

मी वेल्डर होतो. आम्ही दोघे एकाच वर्षी निवृत्त झालो, आणि आमच्या बायकांनी एकाच आठवड्यात आम्हाला घराबाहेर काढलं. तेव्हापासून उन्हाळाभर आम्ही लव्हॉनबाई टोर्गरसनच्या कुरणात प्रेअरी डॉग मारायला जातो. नाव कुत्र्याचं असलं तरी हा प्राणी म्हणजे घुशीएवढी खार, म्हणून आम्ही त्याला घूसच म्हणतो. जमिनीखाली गाव वसवतो, वरचं गवत फस्त करतो आणि बिळाच्या तोंडाशी उभा राहून दिवसभर भुंकतो. चर्चच्या समितीवर मी बारा वर्षं होतो, त्यामुळे मला त्याची सवय आहे.

आमच्याकडे याचा करार तोंडी असतो. मालकीण मारू देते, आणि त्याबदल्यात आपण वसंतात तिच्या कुंपणाची तार ताणून द्यायची. डेलमार हे नोकरीत असल्यापासून, सव्वीस वर्षं करत होता. त्याने ताणलेली तार वाजवली तर सूर लागतो. एवढं चांगलं काम त्याने स्वतःच्या घराचं कधी केलं नाही, असं त्याची बायको आर्डिस म्हणते.

मागच्या ऑगस्टमध्ये त्याची एक गोळी कडक जमिनीवर आपटली, उसळली आणि अर्धा मैल लांब असलेल्या लव्हॉनबाईंच्या पाण्याच्या टाकीतून तळाजवळ आरपार गेली. सकाळी चाळीस गायी कोरड्या टाकीभोवती उभ्या होत्या. ती दोन्ही भोकं मी बुजवली. आतला गंज खरवडायला दोन तास लागले आणि वेल्डिंगला वीस मिनिटं. लोकांना वाटतं वेल्डिंग म्हणजे काम. काम खरवडण्यात असतं.

लव्हॉनबाई एक्याऐंशी वर्षांच्या. त्यांनी आवाज चढवला नाही.

"डेलमार, त्या जागी गाय उभी असती तर?"

"नव्हती ना पण."

"उद्या असेल. मेमध्ये माझ्यासमोर तीनशे यार्डांवर पाच गोळ्या मारून दाखव. चार तरी घुशीच्या अंगाएवढ्या जागेत लागल्या पाहिजेत. अर्धमेली घूस बिळात शिरून सडलेली मला चालत नाही. आणि गोळी जमिनीला लागली की तिथेच फुटली पाहिजे. नाही जमलं तर पुढच्या वर्षीपासून तू माझ्या कुरणात नाहीस."

डेलमारला दुसरा कसलाच नाद नव्हता. तो मासे पकडत नाही, पत्ते खेळत नाही, आणि बोलतो तेव्हा लोक उठून कॉफी आणायला जातात. कुरण गेलं असतं तर तो आणि आर्डिस दिवसभर समोरासमोर बसले असते. आर्डिसला त्याची जास्त काळजी होती.

हिवाळाभर डेलमारने बंदुकीचा अभ्यास केला. एवढा अभ्यास त्याने शाळेत केला असता तर ग्रेडर मी चालवला असता. धान्याच्या कोठारापाशी कॉफी पिणाऱ्या टोळक्यात प्रत्येकाचं मत होतं. एकाच्या मते हरणाची बंदूक बरी. डेलमार म्हणाला, "तिचा धक्का एवढा, की गोळी लागली की नाही ते तुला बायको सांगणार. झाडली की दुर्बिणीत नुसतं आभाळ दिसतं." हे त्याचं बरोबर होतं. दिवसाला शंभर वेळा झाडायची बंदूक खांद्याला हलकी हवी, नळी जाड हवी म्हणजे लवकर तापत नाही, आणि गोळी वेगवान हवी.

शेवटी त्याने बावीस-अडीचशे काडतुसाची नवी बंदूक घेतली. जाड नळी, वर खलबत्त्याएवढी दुर्बीण. नळीच्या आत आट्यांचा पीळ असतो, त्याने गोळी गरगरत जाते. डेलमारने सगळ्यात घट्ट पिळाची नळी निवडली, कारण लांब पल्ल्याला वाऱ्यात लांब, जड गोळी बरी आणि तिला घट्ट पीळ लागतो, असं त्याने वाचलं होतं. तेही बरोबर होतं. एप्रिलमध्ये त्याने तीनशे यार्डांवर जड गोळ्या मारल्या. पाचही भोकं कॉफीच्या कपाखाली झाकली गेली. तो कागद त्याने फ्रिजवर लावला, नातवंडांचे फोटो बाजूला सरकवून.

"ही जड गोळी जमिनीवर फुटते का?" मी विचारलं.

"ती नंतर बदलता येईल, मर्ल. आधी बंदूक तर बसू दे."

परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याने गोळी बदलली. दुकानात होती त्यातली सगळ्यात नाजूक घेतली. तांब्याचं कवच कागदासारखं, गवताच्या काडीला लागली तरी फुटेल अशी. काडतुसात दारू मावेल तेवढी भरली, वेग सेकंदाला अडतीसशे फूट. आर्डिसच्या कोंबड्यांच्या खुराड्यामागे पन्नास यार्डांवर चार गोळ्या मारल्या, भोकं बरी पडली. तीनशे यार्डांचा नेम त्याने पुस्तकातल्या तक्त्यावरून काढला.

मी म्हटलं, "पन्नास म्हणजे तीनशे नव्हेत."

"गणित तेच असतं."

सव्वीस वर्षांत कुंपणाचा एकही खांब त्याने हलवून बघितल्याशिवाय पक्का मानला नव्हता. इथे मात्र तक्ता पुरला.

रविवारी चर्चनंतर आम्ही कुरणात जमलो. लव्हॉनबाई त्यांच्या पिकअपमध्ये दुर्बीण घेऊन बसल्या. आर्डिस दुसऱ्या पिकअपच्या मागच्या फळीवर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होती. तीनशे यार्डांवर मातीच्या बांधापुढे पाच कागद लावले होते, प्रत्येकावर उभ्या घुशीचं चित्र. चित्रं लव्हॉनबाईंनी काढली होती आणि सगळ्या घुशी जरा आमच्या लुथरन चर्चमधल्या लोकांसारख्या गंभीर दिसत होत्या.

डेलमारने पहिली गोळी मारली. कागद हलला नाही. बांधावर धूळही उडाली नाही.

दुसरी. तेच.

"कुठे गेली?" डेलमारने मला विचारलं.

"कळत नाही. पुन्हा मार."

तिसऱ्या वेळी मी कागदाऐवजी मधल्या हवेकडे बघितलं. शंभरएक यार्डांवर राखाडी धुराची बारीक रेघ उमटली आणि विरली. चौथ्यालाही.

लव्हॉनबाई खिडकीतून म्हणाल्या, "माझी टाकी सुरक्षित दिसते. घुशीपण."

आर्डिसने टरफल थुंकलं. "चार महिने अभ्यास केला हो याने."

डेलमारचे कान लाल झाले. तो दुर्बिणीचं बटण फिरवायला लागला.

"त्याला हात लावू नकोस," मी म्हटलं. "गोळी तिथपर्यंत पोचतच नाहीये. लोखंड घासायच्या ग्राइंडरच्या चाकावर काय लिहिलेलं असतं?"

"किती फेऱ्यांपर्यंत चालवायचं ते."

"आणि हळू फिरणाऱ्या मशीनचं चाक वेगवान मशीनवर लावलं तर?"

"फुटतं." तो थांबला. मग नळीकडे बघितलं, मग काडतुसाकडे. घट्ट पीळ आणि एवढा वेग, म्हणजे मिनिटाला तीन लाखांहून जास्त गिरक्या. कागदासारखं कवच त्यात टिकणार कसं? नळी चांगली होती, गोळी चांगली होती. दोघांचं लग्न लावायला नको होतं.

"हे तुला आत्ता सुचलं?" तो म्हणाला.

"मला शुक्रवारी विचारलं असतंस तर शुक्रवारी सुचलं असतं."

लव्हॉनबाईंनी गाडीची किल्ली फिरवली. "झालं का तुमचं?"

"थांबा जरा," आर्डिस म्हणाली. ती उतरली आणि सीटच्या मागून तिची बंदूक काढली. साधी दोनशे तेवीस, खुराड्याजवळ अंडी पळवणारा स्कंक आला तर मारायची. नळीचा पीळ सैल, तिच्यातून नाजूक गोळ्याच ती वर्षानुवर्षं मारते, कारण पलीकडे शेजाऱ्याचं घर आहे. "घे. पण ही कोंबड्यांची बंदूक आहे असं कोठारापाशी चारचौघांत म्हणालास, ते मला कळलंय."

लव्हॉनबाईंनी इंजिन बंद केलं. डेलमारने बंदूक घेतली. आडवा झाला, गवताकडे बराच वेळ बघत राहिला. ग्रेडरवर एकतीस वर्षं त्याने स्वतःच्या धुळीकडे बघितलं होतं. वारा त्याला आमच्यापेक्षा जास्त कळतो. त्याने दीड फूट बाजूला नेम धरला आणि मारली. घुशीच्या पोटात. दुसरी कागदाच्या कडेला. तिसरी पायाशी, एखादी घूस लंगडी होऊन गेली असती अशी.

त्याला दोन चुका परवडत नव्हत्या, आणि दोन झाल्या होत्या. तो उठून बसला. लव्हॉनबाईंच्या गाडीपर्यंत गेला.

"बाई, या बंदुकीने तीनशेवर मला होत नाही. वाऱ्याचं निमित्त सांगत नाही. दोनशेवर होईल."

"मी तीनशे म्हटलं होतं."

"तुम्हाला जखमी घूस नको होती. ती मलाही नको."

लव्हॉनबाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग गाडी सुरू केली, स्वतः दोनशेच्या खुणेपर्यंत नेली आणि खाली उतरून टाचेने जमिनीवर रेघ मारली. "इथून."

पाचांत पाच लागल्या. बाई चालत बांधापर्यंत गेल्या, काठीने माती उकरून बघितली. आत नुसता शिशाचा भुगा होता. परत यायला त्यांना दहा मिनिटं लागली आणि आम्ही कोणी गाडी घेऊन आणायला गेलो नाही, कारण त्यांना ते आवडलं नसतं.

"दोनशेपर्यंत," त्या म्हणाल्या. "आणि याच बंदुकीने. ती दुसरी आणायची असेल तर आर्डिसला पाठव, तू येऊ नकोस."

"आणि माझी बंदूक न्यायची तर आधी मला विचारायचं," आर्डिस म्हणाली.

त्या नव्या नळीला जरा जाड कवचाची, तरीही फुटणारी गोळी चालेल, हे मी त्याला सांगितलंय. तीन प्रकारच्या दहा-दहा मारायच्या, पूर्ण अंतरावर, आणि बांध उकरून बघायचा. पुढच्या मेपर्यंत वेळ आहे.

तोवर तो दोनशेवरून मारतो. दोनशेवर घुशी माणूस ओळखतात. गाडी लांब ठेवून अडुसष्टाव्या वर्षी पोटावर सरपटत जावं लागतं, आणि कुरणात निवडुंग काही कमी नाही. संध्याकाळी आर्डिस त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलावर उताणा झोपवते आणि पकडीने काटे काढते. मी समोर बसून कॉफी पितो.

"अजून किती?" तो परवा विचारत होता.

"हलू नकोस. गुडघ्यात सात दिसतात."

"लांबून मारण्यात एक बरं होतं, मर्ल," तो टेबलावर पडल्या पडल्या मान वळवून मला म्हणाला. "खुर्ची नेता यायची."