पहिली चूक सरांची

धरणगावच्या आमच्या शाळेत एक सर सातवीला फळ्याएवढ्या स्क्रीनवर गणित शिकवतात. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवतो. उत्तर चुकलं की ती स्क्रीन म्हशीसारखी रेकते आणि सगळा वर्ग हसतो. म्हणून पहिलं उत्तर रोज सर स्वतःच देतात, हमखास चुकीचं. मग कपाळावर हात मारून म्हणतात, "चुकनू रे भो! आते तुम्ही सांगा."

"आवाजच बंद करा ना, सर," मी एकदा म्हटलं.

"ऐकू द्या की. सवय होईल."

मला हे नाटक पोरकट वाटायचं. परवा खडू मागायला त्यांच्या वर्गात डोकावलो. वर्षभर तोंड न उघडलेली मागच्या बाकावरची मुलगी स्क्रीनपाशी उभी होती. म्हणाली, "सर, आज पहिले मी चुकू?"