आप्पाच्या माडीवरचे बॉक्स

किस्से कुणी ठरवून करत नाही. जळमटासारखे ते आपोआप लागतात अन् एक दिवस मान वर करून बघावं तर सगळं छत भरलेलं! आमचे किस्से तर छतालाच लागलेत. लातूरचा नवा जिल्हा झाला होता अन् पावसानं पाठ फिरवली होती. मी माईकवाला. लोकांनी लग्नं पुढं ढकलली, माझे भोंगे घरात पालथे पडले. रिकामा माणूस एका जागी बसतोय कुठं? दिवसातून दहादा समोरच्या आप्पाच्या माडीवर चढायचो, दहादा उतरायचो.

खाली आप्पाचं किराणा दुकान. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, अन् आवाज असा की माझ्या भोंग्यांनी शिकवणी लावावी. वरच्या माडीत भाडेकरू कांबळे साहेब. नायगावचे, नव्या कलेक्टर कचेरीत कारकून. नव्या जिल्ह्यामुळं आधीच खोली मिळत नव्हती, त्यात हे बौद्ध. आडनाव सांगितलं की रिकामी खोली जागच्या जागी भरून जायची! आप्पानं मात्र दिली. बायको अन् लेकरू नायगावात सामान बांधून बसली होती. खोली टिकते का, तेवढं बघून येणार होती.

साहेबांना नाद एकच, गाण्याचा. खाट नव्हती, पण सागवानी फळ्यांचे दोन कमरेएवढे स्पीकर बॉक्स होते, स्वतः ठोकलेले.

*

माडीची जमीन नुसत्या फळ्यांची. खाली तुळया, मधे पोकळ. म्हणजे ढोलच की! साहेबांनी पहिल्याच संध्याकाळी टेप लावला अन् तबला सरळ फळ्यांत शिरला. खाली आप्पा एका बाईला तूरडाळ तोलून देत होता. तराजूचा काटा थुईथुई नाचायला लागला. बाई म्हणाली, "आप्पा, आज पायानं तोलून राहिलाव का?"

वरून फळ्यांच्या फटीतली माती डाळीत झरली, ती वेगळीच.

आप्पा जिन्यात आला अन् सांगून गेला, पुन्हा काटा हलला तर खोली मोकळी करा. साहेबांचं तोंड एवढंसं झालं. मी म्हणालो, घाबरू नका, आपण हाव ना. तिथंच त्यांचं चुकलं, माझ्यावर विश्वास ठेवला!

*

पहिला इलाज रज्जाकभाईचा. रज्जाकभाई शेजारचा शिंपी, आमच्या बैठकीतला तिसरा. त्याचं म्हणणं, दणका मऊ जागेत मरतो. दोन जाडजूड गाद्या आणून त्यानं बॉक्सखाली घातल्या. बॉक्स गादीत असे रुतले की एक डावीकडं कलंडला, एक उजवीकडं. भांडण झालेले नवरा-बायकोच जणू! खालचा दणका कमी झाला, पण गाण्याचाही जीव गेला. गाद्या आणणाराच कानाला हात लावून म्हणाला, "साब, गवय्या रजई में खांस रा."

*

मग वाळू. ही साहेबांची स्वतःची अक्कल, कुठल्या तरी मासिकात वाचलेली. वजन खाली ठेवलं की हादरा तिथंच जिरतो म्हणे. नदीत पाणी नव्हतं, वाळू पाहिजे तेवढी. लाकडी खोकी भरून बॉक्सखाली ठेवली. तुळई जरा कण्हली, पण काटा हलला नाही. साहेबांनी बायकोला कार्डही टाकलं, ये म्हणून.

वाळू आपली फळीच्या फटीतून गुपचूप उतरत राहिली. खाली बरोबर साखरेचं पोतं!

चारदोन दिवसांत गल्लीतल्या मास्तरीणबाई चहाचा कप घेऊनच दुकानात आल्या. कपाच्या तळाला मांजरा नदी. आप्पा वर आला. ओरडला नाही, त्याचीच भीती वाटली. म्हणाला, "लोक माझ्यावर आधीच साखरेत वाळूचा आळ घेतेत. तुम्ही तो खरा करून दाखिवला."

महिना संपेपर्यंतची मुदत दिली. साहेबांनी बायकोला दुसरं कार्ड टाकलं, थांब म्हणून.

*

आता माझी पाळी. मी भोंगे लिंबाच्या झाडाला बांधणारा माणूस. म्हणालो, जमिनीची भानगडच नको, वर टांगा. मंडपाचे दोर आणले अन् दोन्ही बॉक्स छताच्या तुळईला टांगले. बॉक्स लागले झोके घ्यायला. गाणारी बाई एकदा औशाहून गायची, एकदा उदगिराहून. रज्जाकभाई मान फिरवून फिरवून थकला, म्हणाला, गर्दन का पैसा कौन देगा?

फळ्या मात्र एकदम गप. आम्ही खूष. तोवर वरच्या माळवदी छताची माती सुटली अन् साहेबांच्या ताटात पडली. मी म्हणालो, "बघा, आप्पाचं दुकान वाचलं का न्हाई?" साहेबांनी मातीसकट भाकर बाजूला सारली अन् दोर सोडायला घेतले.

*

शेवटी जमलं ते चेष्टेत. मी म्हणालो, स्कूटरच्या नव्या ट्यूबा आणा, त्यात पाणी भरा अन् त्यावर बॉक्स बसवा. आडात पोहणाऱ्याला वरचा ढोल ऐकू येतो का? साहेबांनी ते खरं धरलं. नळ आला त्या दिवशी दोन्ही ट्यूबा धुऊन, भरून आणल्या. मी मनात हसून राहिलो.

खाली आप्पा तराजूसमोर बसला, वर साहेबांनी टेप लावला, मी जिन्यात. आप्पा बसून बसून वैतागला अन् ओरडला, "अरे, लावा की आता!"

अर्धी कॅसेट वाजून झाली होती.

तरी आप्पा राहा म्हणाला नाही, नुसता हुं म्हणाला. महिना सरायला दहा-बारा दिवस उरलेले. साहेब कचेरीतून आले की आधी आप्पाचं तोंड बघायचे, मग जिना चढायचे.

*

त्यानंतर नळच गेला. आठवडा उलटला तरी टँकर नाही. अन् नेमके आप्पाच्या लेकीला बघायला उदगीरचे पाव्हणे आले, मोठे आडतवाले. दुकानातच बैठक मांडली. घरात चहापुरतंही पाणी नव्हतं. गल्लीत सगळ्यांची भांडी पालथी.

आप्पा जिना चढून आला. इतक्या दिवसांत साहेबांनी कितीदा चहा विचारला, पण आप्पाला वरच्या घरात कधी उपास असायचा, कधी पित्त. आज तो उंबऱ्यावर थांबला अन् म्हणाला, "साहेब, पाणी हाय का?"

घागर रिकामी होती. साहेबांनी बॉक्सकडं बघितलं. मी उठून एका बाजूला हात घातला. आम्ही दोघांनी बॉक्स उतरवून फळ्यांवर ठेवले. ट्यूबा पातेल्यात रिकाम्या केल्या, पाणी फडक्यानं गाळलं. आप्पा उभा राहून सगळं बघत होता. पातेलं त्यानं स्वतः उचलून नेलं.

चहा झाला. म्हाताऱ्या पाव्हण्यानं घोट घेतला अन् विचारलं, चव जरा वेगळी लागती, पाणी कुठलं?

"वरच्या साहेबांकडचं," आप्पा म्हणाला.

"कोण साहेब?"

"कांबळे साहेब."

जिन्यात साहेब, त्यांच्यामागं मी. आतल्या दाराआड पोरगी. म्हातारा कपाकडं बघत राहिला, मग आप्पाकडं. आप्पानं आपला कप उचलला अन् घोट घेतला. मग म्हातारा म्हणाला, "आमच्या उदगिरात तर पाणी वरबी न्हाई अन् खालीबी न्हाई," अन् कप पुढं केला, अजून अर्ध्यासाठी.

बोलणं सैल झालं. पाव्हण्यातला एकजण म्हणाला, घरात गाणंबिणं हाय का? आप्पानं वर हाक दिली, साहेब, लावा.

साहेब जिन्यातून वाकून हळूच म्हणाले, "आप्पा, बॉक्स फळ्यांवरच हायेत."

"लावा हो."

तबला सुरू झाला. काटा नाचायला लागला. म्हाताऱ्याच्या टोपीवर, गादीवर, बशीत माती झरली. आप्पानं आपल्या कपावर तळहाताचं झाकण धरलं, वर बघितलं अन् म्हणाला, "साहेब, जरा मोठं करा."