शांताचं सहा फुटी घर

जगातले सगळे खांब, शिड्या आणि जिने आपल्यासाठीच उभे केले आहेत, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. वीज खात्यात लाइनमन असताना आप्पांनी निपाणीपासून कोगनोळीपर्यंत एकही खांब शिवल्याशिवाय सोडला नाही. एकदा वरून पडून कंबर आणि गुडघा दोन्ही मोडून घेतले, पण तो विषय निघाला की म्हणायचे, "खांबाचीच चूक हुती." पिरनवाडीत आम्ही दोघा साडूंनी मिळून घर बांधलं, तेव्हा वरचा मजला त्यांनी आधीच धरला. आता निवृत्तीनंतर गुडघा असा झाला की जिना उतरताना ते खेकड्यासारखे आडवे उतरत, आणि तेवढा वेळ आमच्या मेहुणीचा, आक्काचा, जीव मुठीत. "आप्पा, तुम्ही खाली या, आम्ही वर जातो," असं मी दोन वर्षं सांगत होतो. "खाली मानसं ऱ्हात्यात व्हय, मास्तर?" असं ते मला, खाली राहणाऱ्या माणसाला, विचारत.

अशा घरात त्यांचा मुलगा बंगळूरहून येऊन एक अजगर ठेवून गेला. घरमालक कुरकुरतोय, आठच दिवस सांभाळा, म्हणाला. जात आफ्रिकेतली, नोंदणीचे कागद रीतसर, लांबी चार फूट, विष नाही, आणि घाबरला की स्वतःचाच चेंडू करून बसतो म्हणून नाव बॉल पायथन. मी जन्मभर शाळेत शिकवलं, पण साप मला पुस्तकातच बरा वाटतो. ती मादी आहे हे कळल्यावर आप्पांनी तिचं नाव शांता ठेवलं आणि आठ दिवसांचं दीड वर्ष झालं. मुलाने सोबत काचेची एक बुटकी पेटी दिली होती. एक बाजू उबदार, एक गार, दोन्हीकडे लपायला डबे, पाण्याचं भांडं, खाली नारळाचा भुसा. "हे जमिनीवरचं जनावर आहे, त्याला लपायला जागा लागते, उंची नको," असं त्याने बजावलंही होतं. आप्पांनी ते स्वतःलाच लावून घेतलं. "जित्या जिवाला वर जावंसं वाटत न्हाय, असं कधी आसतंय व्हय?"

मग आक्काचं माहेरचं सागवानी कपाट रिकामं झालं. साड्या ट्रंकेत गेल्या, दारांना काच बसली, येळ्ळूरच्या कुणाच्या तरी शेतातून पेरूच्या फांद्या आल्या. आप्पांना स्टुलावर चढायला डॉक्टरांची मनाई, म्हणून स्टुलावर मी. ते खुर्चीतून हुकूम सोडत, "वर. आनि वर. भिताय काय, मास्तर?" मी भीतच होतो, कारण शांता तेव्हा माझ्या पायाशी झाकण लावलेल्या बादलीत होती आणि झाकण हलत होतं. वायरिंग मात्र देखणं केलं होतं, दिव्याला जाळी, उबेला थर्मोस्टॅट. फक्त त्यापायी दोन्ही मजल्यांचा इन्व्हर्टर त्यांनी मला न विचारता तिच्याकडे वळवला. पावसाळ्यात करंट गेला की मी खिडकीशी पेपर धरून डोळे फोडत बसायचो आणि वर अजगर शेकत पडलेला. तक्रार केली तर म्हणाले, "तुमचं रक्त आपोआप गरम ऱ्हातंय. तिचं कोन ठेवनार?"

एवढ्यावर भागलं नाही. मी मास्तर, म्हणून माझ्याकडचं शाळेचं एक कोरं हजेरीपत्रक काढून दिवेलागणीला रोज वर जाऊन नोंद करायची, असा आप्पांचा हुकूम सुटला. "हजर. चढली नाही." दोन महिने मी हेच लिहिलं. शांता खालच्या डब्यात तोंड खुपसून पडलेली असायची. शेवटी वैतागून मी शेरा मारला, "प्रगती नाही." आप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आणि एका संध्याकाळी वरून हाक आली, "मास्तर, या. चढालीया." खरंच चढत होती. पेरूच्या फांदीला शेपटीचा विळखा घालून, थांबत, जीभ काढून अंदाज घेत, हळूहळू वर. आप्पांचे डोळे भरून आले होते, आणि खोटं कशाला सांगू, मीही भीती विसरून काचेला नाक लावून उभा होतो. ती अगदी टोकाला पोचली. तिथून उतरायला मात्र वाट नव्हती. तिने इकडेतिकडे मान फिरवली, विळखा सुटला, आणि भिजलेलं पोतं पडावं तशी ती सहा फुटांवरून खाली आली. पडली आणि तिचा चेंडू झाला.

जनावरांच्या डॉक्टरांनी हाड शाबूत असल्याचं सांगितलं, पण शांताने तीन आठवडे काही खाल्लं नाही. आप्पा कपाटापुढे बसून राहत. वरून हुकूम येईनात, मला कुणी मास्तर म्हणून हाक मारीना. कपाट गेल्यापासून सापाचं नाव न घेणारी आक्कासुद्धा दबक्या आवाजात विचारायची, "खाल्लं का ओ तिनं?"

एके सकाळी मी वर गेलो तर कपाट आडवं पाडलेलं होतं. जमिनीवर पाय पसरून आप्पा करवतीने फांद्या कापत होते, जाड तेवढ्या ठेवून, गुडघ्याच्या उंचीच्या. "म्हणजे मुलाचंच खरं," मी जरा खवचटपणे म्हणालो.

"न्हाय. चढायला आवडतंय तिला, तुमी सोता बघितलाय. उतरायची सोय मी केली नव्हती." करवत थोडी चालली आणि थांबली. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मी बी चढताना न्हाय पडलो ओ. उतरताना पडलो. खांब चांगला हुता."

मी फांदीचं दुसरं टोक धरलं.

"खालच्या अदलाबदलीचं," ते म्हणाले, "अजून हाय न्हवं तुमच्या मनात?"

आता ते खाली आहेत आणि आम्ही वर. शांता खाते, बुटक्या फांदीवर चढते आणि आपली आपण उतरते. इन्व्हर्टर अजून तिचाच आहे. डोक्यावर त्यांच्या अधू पायाचा तो आवाज नाही. त्या आवाजाला मी किती शिव्या दिल्या होत्या, आणि आता दुपारी घर फार गप्प वाटतं. हजेरीपत्रक मात्र सुटलेलं नाही. रोज दिवेलागणीला मी ते घेऊन जिन्याच्या तोंडाशी येतो. हल्ली माझाही गुडघा कुरकुरतो, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. पण पहिल्या पायरीवर पाऊल पडलं की खालून खुर्चीतून आवाज येतो, "मास्तर, कठडा धरून उतरा." आणि मी धरतो.