सुमेधाचा कंट्रोल

सुमेधाला कामावर पाहिलंत तर तुम्ही ओळखणार नाही. अमेरिकेत, ॲरिझोनातल्या चँडलर गावी कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात ती इंजिनिअर. धुळीचा कणही चालत नाही अशा तिथल्या क्लीनरूममध्ये डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, उघडे फक्त डोळे. नागपूरची ही बडबडी मुलगी तिथे हिममानवासारखी मुकाट वावरायची.

तो पोशाख चढवायला दहा मिनिटं, उतरवायला पाच, आणि बाथरूमला जाऊन आलं की पुन्हा पहिल्यापासून. सुमेधाने नामी उपाय काढला होता. पाणीच प्यायचं नाही! सकाळी सातला अर्धा कप चहा, मग थेट दुपारी एकला बाहेर. ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात ही बया सहा-सहा तास कोरडी, वर ऐट काय, "माझा कंट्रोल बघ!"

२००५ साली त्या कंट्रोलने चारदा दगा दिला. लघवीला जळजळ, दर दहा मिनिटांनी पळापळ, ओटीपोटात कळ. पण डॉक्टरकडे कोण जातो? घरात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. नागपूरहून येणारा प्रत्येक पाहुणा चकलीबरोबर त्यात अँटिबायोटिकचीही भर घालायचा. दोन दिवस गोळ्या घेतल्या की जळजळ थांबायची आणि उरलेल्या परत डब्यात.

"अरे, बरं वाटलं ना? मग कशाला वाया घालवायच्या?" ती नवऱ्याला, ऋषीला, विचारायची.

पाचव्या वेळी गोळ्यांनी ढिम्म फरक पडला नाही. हुडहुडी भरून ताप चढला, उजवीकडे कमरेच्या वर असं दुखू लागलं की तिला सरळ उभं राहवेना. ऋषीने इमर्जन्सीत नेलं. सलाइन लागलं.

डॉक्टरीणबाईंनी शुगर तपासली, सोनोग्राफीत खडे शोधले. दोन्ही ठीक. मग विचारलं, "संबंधांनंतर त्रास होतो का?"

ऋषी भिंतीवरच्या किडनीच्या चित्राचा असा अभ्यास करू लागला, जणू उद्या त्यावर पेपर आहे.

"कधी कधी," सुमेधा पुटपुटली.

तिसऱ्या दिवशी लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट आला. नेहमीची गोळी या जंतूंवर चालत नव्हती.

"गोळ्या किती दिवस घेत होतात?" बाईंनी विचारलं.

"दोन."

"आणि पाणी?"

"सकाळी अर्धा कप चहा. मग एकपर्यंत काही नाही, बाथरूमला जावं लागू नये म्हणून."

बाई खुर्ची ओढून बसल्या. "पुन्हा पुन्हा होण्याची कारणं अनेक असतात, कधी एकही सापडत नाही. बायकांची रचनाच अशी की जंतूंना वाट जवळची पडते. पण तुमची दोन कारणं मला दिसताहेत. अर्धवट गोळ्यांनी चिवट जंतू मागे उरत गेले. आणि लघवी तुंबवून तुम्ही त्यांना वाढायला वेळ दिलात. आता ते किडनीपर्यंत पोचलेत. असंच चाललं तर किडनीला इजा होईल. गोळ्या पूर्ण संपवा, पाणी प्या, दर दोन-तीन तासांनी जाऊन या."

घरी आल्यावर ऋषी म्हणाला, "गुरुदत्तला सांगून टाक ना."

गुरुदत्त म्हणजे तिचा टीम लीड, कामावरचा साहेब. मुंबईचा. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरतीला तिच्याच शेजारी उभा राहणारा.

"गोऱ्या साहेबाला इंग्लिशमध्ये सांगितलं असतं रे. याला मराठीत कसं सांगू? आणि ग्रीन कार्डच्या कागदांवर सही त्याची!"

"मी सांगू?"

"तू? तू भिंतीवरची चित्रं बघ."

आयुष्यात पहिल्यांदा गोळ्यांचा कोर्स शेवटपर्यंत संपवून सुमेधा कामावर गेली, ती थेट गुरुदत्तच्या टेबलापाशी.

"मला दर दोन तासांनी बाहेर जावं लागेल."

"का गं?"

"लघवीला. इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलं होतं."

गुरुदत्त कानापर्यंत लाल झाला. त्याने टेबलावरची पेनं उगाचच ओळीत लावली. "हो, हो, तब्येत आधी. पण... मशीन बंद पडलेलं असलं तर?"

"तरीसुद्धा."

"पुढच्या महिन्यात कामाचा रिव्ह्यू आहे तुझा." ही काळजी होती की इशारा, तिला कळेना.

सकाळी नवाला, नेमकी तिची बाहेर जायची वेळ झाली तेव्हा, तिच्या मशीनवर बंद पडल्याचा लाल दिवा लागला. काचेपलीकडून गुरुदत्तने आधी दिव्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग तिच्याकडे. थांबावं का, अजून तासभर तर सहज...

तिने बरोबरच्या मुलाला मशीन बघायला सांगितलं, बाहेरच्या खोलीत आली, आणि पांढऱ्या पोशाखाची चेन खाली ओढली.